परदेशी उपचार : परत आल्यावर कोण पाहणार?

मुलाला ड्यूशेन हा स्नायूंचा आनुवंशिक आजार असल्याचे कळते. बारा-तेराव्या वर्षापर्यंत चालणे थांबू शकते, असे डॉक्टर सांगतात. थोड्याच दिवसांत कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर परदेशातल्या दवाखान्याचा व्हिडिओ पाठवतो. व्हीलचेअरवरचा मुलगा त्यात उठून उभा राहतो. खाली एजंटचा नंबर असतो. मग मुरुडसारख्या गावातल्या घरात सातबारा बाहेर निघतो. त्या आई-वडिलांना वेड्यात काढू नये. त्यांच्या जागी आपणही हाच विचार केला असता.

मात्र आधी एक विचारावे : हा प्रयोग आहे की विक्री? खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताचे मान्यताप्राप्त आजार वगळता स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच द्यावेत, आणि त्यासाठी रुग्णाला बिल लावू नये. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचीही तरतूद आहे. विमानात बसलात की हे संरक्षण मागे राहते.

इस्रायलमधल्या एका मुलाची हकीकत २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याला मेंदूचा दुर्मीळ आनुवंशिक आजार होता. २००१ पासून पालकांनी त्याला मॉस्कोला नेऊन मेंदूत गर्भातील स्टेम सेल टोचून घेतले. चार वर्षांनी डोके दुखू लागले. मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी सापडल्या. मज्जारज्जूची गाठ काढून तपासली, तेव्हा तिच्यातल्या पेशी त्याच्या नव्हत्याच. त्या किमान दोन वेगळ्या दात्यांच्या होत्या. टोचणारे मॉस्कोत राहिले, शस्त्रक्रिया इस्रायलच्या डॉक्टरांना करावी लागली.

‘नाहीतरी काय गमावायचे आहे?’ असे अनेकजण म्हणतात. गमावण्यासारखे बरेच असते. आधी पेशी किंवा जनुक उपचार घेतलेल्या रुग्णाला पुढच्या खऱ्या चाचण्यांतून बहुतेकदा वगळतात. विषाणूवाहक जनुक उपचारानंतर शरीरात प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे दुसरा डोस सहसा देता येत नाही. म्हणजे संधी एकच, आणि ती चुकीच्या दारात खर्च होते.

परदेशातले सगळेच खोटे, असे मात्र नाही. रक्ताच्या काही कर्करोगांवरच्या कार-टी उपचारासाठी आपले रुग्ण कोट्यवधी रुपये घेऊन बाहेर जात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि तो उपचार इथे बऱ्याच कमी खर्चात मिळू लागला. त्यामागेही चाचण्या होत्या. फरक इतकाच की त्या नोंदलेल्या होत्या आणि त्यांचे निकाल तपासता येत होते.

म्हणून एजंटला चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या चाचण्यांची यादी सीटीआरआयच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. काय टोचणार, कुणाच्या पेशी, किती, हे लेखी घ्या. परत आल्यावर रात्री ताप चढला तर तुम्ही लातूरच्या शासकीय रुग्णालयातच धावणार, आणि तिथला डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागणार.

आणि या धावपळीत ड्यूशेनच्या मुलाचे स्टेरॉइड, फिजिओथेरपी आणि हृदयाची नियमित तपासणी बंद पडू देऊ नका. चालणे काही काळ टिकवण्याचा पुरावा स्टेरॉइडला आहे, आणि ते लातुरातच मिळते.