जुना गेम नव्या लॅपटॉपवर का चालत नाही? आधी अडलंय कुठं ते ओळखा

छाणी (बडोदा) : दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून जुन्या सीड्यांचं एखादं खोकं हमखास खाली येतं. छाणी असो, शेजारचं समा-निझामपुरा असो, की सीमेपलीकडचं नवापूर-नंदुरबार. ज्या घरात १९९५ ते २००५ च्या दरम्यान पहिला कॉम्प्युटर आला, त्या घरात 'रोड रॅश', 'एज ऑफ एम्पायर्स', 'नीड फॉर स्पीड' यातलं काहीतरी सापडतंच. मग उत्साहाने सीडी नव्या लॅपटॉपला लावून बघितली जाते. कधी स्क्रीन काळी पडते, कधी रंग विचित्र दिसतात, तर कधी 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' एवढंच उत्तर येतं.

यानंतर बहुतेक जण जे करतात तेच सगळ्यात धोक्याचं असतं. गेमचं नाव टाकायचं, पुढे 'फ्री डाऊनलोड फुल व्हर्जन' लिहायचं आणि पहिल्या साइटवरून मिळेल ती फाइल उतरवायची. ज्या लॅपटॉपवर ही फाइल उतरते, त्याच लॅपटॉपवर घरातलं बँकेचं काम, लाइट बिल आणि मुलांचे फॉर्म भरले जातात. तीस वर्षांपूर्वीच्या गेमपायी घरच्या खात्याला धोका पत्करायची गरज नाही. कारण बहुतेक वेळा गेम बिघडलेला नसतो. तो ज्या आधारावर उभा होता, तो आधार नव्या मशीनमधून काढून टाकलेला असतो. कोणता आधार गेला हे कळलं की उपाय बहुतेक फुकट आणि अधिकृत मिळतो.

लगेच नकार आला तर : १६ बिटची अडचण

डबल-क्लिक केल्या केल्या विंडोज नकार देत असेल, तर प्रोग्राम बहुधा १६ बिटचा आहे. डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम १६ बिटचे असत. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ते चालवायची सोयच ठेवलेली नाही, आणि २०२१ मध्ये आलेलं विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच मिळतं.

इथं एक गंमत आहे. विंडोज ९५-९८ च्या काळातले बरेच गेम स्वतः ३२ बिटचे असतात, पण त्यांचा सेटअप मात्र १६ बिटचा असतो. म्हणजे घर चांगलं, फक्त दाराची किल्ली जुनी. अशा वेळी सीडीवरचा गेमचा फोल्डर थेट हार्ड डिस्कवर कॉपी करून बघावा. काही गेम तेवढ्यावर सुरू होतात.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' किंवा 'डेंजरस डेव्ह'सारख्या डॉसवरच्या गेमसाठी 'डॉसबॉक्स' हा मोफत प्रोग्राम आहे. २००२ पासून तो उपलब्ध आहे. तो नव्या मशीनच्या आत जुनं डॉसचं मशीन उभं करतो. प्रोसेसर, साउंड कार्ड, सगळं नकली, पण गेमला ते खरंच वाटतं. कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर गेमची मुख्य फाइल माउसने ओढून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडायची, गेम सुरू होतो. ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलं की तो पूर्ण स्क्रीनवर दिसतो.

रंग बिघडले, स्क्रीन काळी : दुभाष्या लागतो

१९९७ चा 'एज ऑफ एम्पायर्स' आणि १९९९ चा त्याचा दुसरा भाग विंडोज ७ वर लावला, तर गवत आणि पाणी लाल-जांभळं दिसायचं, हे अनेकांना आठवत असेल. हे गेम एका वेळी फक्त २५६ रंग वापरत. त्या रंगांचा तक्ता गेमच्या हातात असायला हवा; पण नवं विंडोज मध्येच त्यात हात घालायचं आणि रंग बदलून जायचे.

'नीड फॉर स्पीड २ एसई'ची गोष्ट वेगळी. १९९७ च्या या गेममध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या 'वूडू' कार्डसाठी खास सोय होती. त्या कार्डाशी 'ग्लाइड' नावाच्या भाषेत बोलावं लागे. पुढे थ्रीडीएफएक्स बुडाली, २००० च्या डिसेंबरमध्ये तिची मालमत्ता एनव्हिडियाने घ्यायचं ठरवलं, आणि ती भाषा समजणारं कार्ड बाजारातून गेलं.

दोन्हीकडे उपाय एकाच जातीचा : दुभाष्या. गावाकडून आलेल्या पाहुण्याचं म्हणणं घरचा माणूस छाणीच्या दुकानदाराला गुजरातीत समजावून सांगतो, तसं हे छोटे प्रोग्राम गेमचं जुनं बोलणं आजच्या ग्राफिक्स कार्डाला कळेल असं करून देतात. 'डीजी-वूडू २' हा त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा. फक्त ग्लाइडसाठी 'एनग्लाइड' आहे. डीजी-वूडूच्या फोल्डरमधल्या नेमक्या डीएलएल फाइली गेमच्या फोल्डरमध्ये टाकायच्या, बस्स. नाही जमलं तर त्या फाइली काढून टाकल्या की सगळं पहिल्यासारखं. विंडोजला कुठं धक्का लागत नाही.

त्याआधी विंडोजमधल्याच दोन सोयी वापरून पाहाव्यात. गेमच्या फाइलवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'कम्पॅटिबिलिटी'. तिथं विंडोज ९८ किंवा एक्सपी निवडता येतं, रंग कमी करता येतात, स्क्रीन ६४० बाय ४८० वर आणता येते. दुसरी सोय 'डायरेक्ट प्ले'. जुने गेम, विशेषतः मित्रांबरोबर नेटवर्कवर खेळायचे, हे मागतात. कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्सच्या यादीत 'लेगसी कंपोनंट्स'खाली ते असतं. टिक केलं की झालं.

गेम सुसाट पळतो : मशीनच जास्त वेगवान

जुन्या ३८६-४८६ कॉम्प्युटरच्या डब्यावर 'टर्बो' नावाचं बटण असायचं. नावावरून वेग वाढवणारं वाटतं, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करायला होता. कारण काही जुने गेम वेळ घड्याळाने मोजत नसत, प्रोसेसरच्या वेगाने मोजत. प्रोसेसर दुप्पट वेगाचा झाला की शत्रूही दुप्पट पळायचा.

विंडोज एक्सपीबरोबर येणारा पिनबॉल सगळ्यांनी खेळलेला आहे. तोही मशीनला झेपेल तेवढ्या वेगाने चित्रं काढत राहायचा आणि सगळा प्रोसेसर खाऊन टाकायचा. मायक्रोसॉफ्टचे इंजिनिअर रेमंड चेन यांनी त्याला सेकंदाला १०० चित्रांची मर्यादा घातली, तेव्हा प्रोसेसरवरचा भार एक टक्क्यावर आला.

घरी हेच करायचं असतं. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ ११ दाबलं की गेम हळू होतो, कंट्रोल आणि एफ १२ ने वेग वाढतो. नंतरच्या काळातल्या गेममध्ये 'फ्रेम लिमिटर' नावाचा पर्याय सेटिंगमध्ये असेल तर तो चालूच ठेवावा. 'जीटीए व्हाइस सिटी'सारख्या गेममध्ये माउस किंवा गाडी विचित्र वागत असेल, तर 'सायलेंट पॅच' ही चाहत्यांनी केलेली दुरुस्ती मोफत मिळते.

सीडी घातली तरी सीडी मागतो : कुलपाची किल्ली गेली

हा प्रकार सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. सीडी अस्सल आहे, स्वच्छ आहे, तरी गेम म्हणतो 'सीडी घाला'. कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या सीडीवर 'सेफडिस्क' किंवा 'सिक्युरॉम'सारखं कुलूप घालत. सेफडिस्कचं कुलूप उघडण्यासाठी विंडोजच्या अगदी आत एक ड्रायव्हर लागे. त्यात सुरक्षेची भोकं निघाली. म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० ने तो ड्रायव्हर घेतलाच नाही, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये विंडोज ७ आणि ८ वरही अपडेट पाठवून तो बंद केला. ज्याने पैसे देऊन सीडी घेतली, त्याचीच वाट बंद झाली.

तो ड्रायव्हर कुठून तरी आणून परत बसवा असा सल्ला मिळतो. तो ऐकू नये, कारण बंद केलेलं भोक आपणच उघडून दिल्यासारखं होतं. यापेक्षा गेमच्या कंपनीने नंतर दिलेलं अपडेट शोधावं. काही कंपन्यांनी त्यात सीडीची तपासणी काढून टाकली आहे. नाहीतर तोच गेम परत विकत घेणं सोपं. २००८ मध्ये पोलंडमध्ये सुरू झालेलं 'जीओजी' हे दुकान जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून, कुलूप न लावता विकतं. डॉसच्या गेमबरोबर डॉसबॉक्स आधीच जोडून येतो. 'स्टीम'वरही जुने गेम मिळतात. 'एज ऑफ एम्पायर्स २'ची नवी आवृत्ती २०१९ मध्ये आली, ती आजच्या मशीनसाठीच बनवलेली आहे.

गेम नंतर चालवा, सीडी आज वाचवा

छाणीला जपणुकीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इथल्या जैन ज्ञानभांडाराचं नाव कलेच्या इतिहासात इ.स. ११६१ च्या 'ओघनिर्युक्ति'च्या ताडपत्री पोथीसाठी आणि तिच्यातल्या विद्यादेवींच्या चित्रांसाठी घेतलं जातं. साडेआठशे वर्षांपूर्वीचं ताडपत्र जपलं तर वाचता येतं. पण वीस वर्षांपूर्वी घरी राइट केलेली सीडी आज वाचता येईल याची खात्री नाही. अशा सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णतेने तो उडत जातो. माळ्यावरचा बडोद्याचा उन्हाळा त्याला पुरेसा आहे.

म्हणून आधी यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह मिळवावा, शेजाऱ्याकडून मागून आणला तरी चालेल. सीडी पुसताना गोल फिरवू नये, मधून कडेकडे सरळ पुसावं. छापील बाजू जास्त जपावी. चकाकणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. मग 'इमेज बर्न'सारख्या मोफत प्रोग्रामने संपूर्ण सीडीची एक फाइल बनवावी. आयएसओ फाइल विंडोज ८ पासून पुढे डबल-क्लिकने उघडते. मात्र १९९६ च्या 'क्वेक'सारख्या काही गेमचं संगीत सीडीवर गाण्यांसारखं ठेवलेलं असतं. तिथं 'बिन' आणि 'क्यू' अशा जोडफाइली घ्याव्या लागतात, नाहीतर गेम मुका होतो.

उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे कर्ते जॉर्डन मेकनर यांचा मूळ कोड हरवला होता. २०१२ मध्ये तो वडिलांच्या घरी जुन्या फ्लॉप्यांत सापडला, जाणकारांनी त्या फ्लॉप्या वाचून काढल्या आणि मेकनर यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला.

कायदा काय म्हणतो

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की, ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे, तो ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप घेऊ शकतो. पण हक्क मोडण्याच्या इराद्याने कुलूप तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे. आणि वर मार्करने नाव लिहिलेल्या, त्या काळी बाजारात सर्रास मिळणाऱ्या सीडीला ही सवलत लागू नाही. तसल्या सीडीत गेमबरोबर जुना व्हायरसही असू शकतो. ती लॅपटॉपला लावायच्या आधी अँटिव्हायरस चालू आहे ना, ते बघावं.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्यांदा सीडीची फाइल करून ठेवा. मग गेम कोणत्या साली आला ते बघा. डॉसचा असेल तर डॉसबॉक्स. विंडोज ९५ नंतरचा असेल तर आधी कम्पॅटिबिलिटी, मग डायरेक्ट प्ले, मग डीजी-वूडू. सीडी घालूनही सीडी मागत असेल तर नवी आवृत्ती शोधा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने जमलं ते कळेल. प्रत्येक प्रोग्राम बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. शंका आली तर फाइल उघडण्याआधी 'व्हायरसटोटल'वर तपासा. तिथं एकाच वेळी अनेक अँटिव्हायरस ती बघतात. आणि एखाद्या गेमने अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं, तर तो गेम तिथंच सोडून द्या.