घारापुरी की वेळास? गटाची सहल ठरवताना

हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की गटातली एखादी हळूच म्हणते, "या वर्षी कुठंतरी जाऊया की गं!" मग समुद्राचा विषय निघतो. आपल्यातल्या कितीतरी जणींनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो. अर्ध्या म्हणतात, मुंबई बघू, बोटीत बसू, घारापुरीची लेणी बघू. उरलेल्या म्हणतात, गर्दी नको, कोकणातल्या एखाद्या शांत गावी जाऊ. आज अशाच दोन ठिकाणांबद्दल बोलू. एक घारापुरी बेट आणि दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास.

घारापुरीलाच एलिफंटा म्हणतात. पोर्तुगीजांना तिथं दगडाचा मोठा हत्ती दिसला, म्हणून त्यांनी ते नाव दिलं. तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ उभा आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून लाँचनं बेटावर जायला साधारण एक तास लागतो. लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची. आत शंकराची तीन मुखांची मूर्ती आहे, जवळजवळ वीस फूट उंच. अंधारातून हळूहळू ती डोळ्यांसमोर येते, तेव्हा बडबडणाऱ्या बायाही गप्प होतात. १९८७ साली ही लेणी जागतिक वारसा ठरली. त्यामुळं गर्दी बारमाही, आणि शनिवार-रविवारी तर विचारूच नका.

आता अडचणीचं बोलू. धक्क्यावरून लेण्यापर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. धक्का ते पायऱ्यांचा पायथा छोटी गाडी चालते, पण पुढं चढायचं आपल्यालाच. गुडघे धरलेल्या बाईला डोलीत बसवून नेणारे मिळतात. भाव मात्र बसण्याआधी ठरवायचा. माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून भाकरीचं गाठोडं उघडं धरू नका. सोमवारी लेणी बंद असतात. आणि पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही, शेवटच्या बोटीनं परत यावंच लागतं. म्हणजे गावाहून रात्रभर प्रवास, दिवसभर पायपीट आणि पुन्हा रात्रभर प्रवास. ज्या बाईला चार दिवसांची विश्रांती हवी होती, ती घरी येते ती आणखी दमून. मुंबईत कुणा नातेवाइकाकडं मुक्काम असेल तर गोष्ट वेगळी.

बोटीबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडं निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि माणसं दगावली. बोटीत चढल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि पदराच्या वरून नीट बांधा. "आम्ही काय लहान आहोत का," असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बोट भरलेली दिसली तर पुढच्या बोटीनं जा.

वेळासला यातलं काहीच नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, उतरत्या छपराची घरं, जवळ समुद्र. नाना फडणवीसांचं हे गाव. पण लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत समुद्रात जाते. पुन्हा त्या अंड्यांकडं बघत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, कोल्ही-कुत्री खायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात पुन्हा वाळूत पुरतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की त्यांना समुद्राच्या वाटेवर सोडतात. २००६ पासून कासव महोत्सव भरतो. साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत सकाळ-संध्याकाळ पिल्लं सोडतात. पण ऐका, पिल्लं रोज निघतीलच असं नाही. जी बाई फक्त कासव बघायला जाईल, ती हिरमुसून येऊ शकते.

आमचं मन वेळासकडं झुकतं, त्याचं कारण कासव नाहीच. तिथं राहायचं ते गावातल्या घरांत. घरातल्या बाईनं रांधलेलं जेवण आपल्यासमोर येतं. घावन, कुळथाचं पिठलं, सोलकढी, एखाद्या दिवशी उकडीचे मोदक. आपण बायका जत्रेला गेलो तरी तीन दगडांची चूल मांडतो. देवाला गेलो तरी पहाटे उठून पोळ्या लाटतो. दोन दिवस दुसऱ्या कुणी वाढलेलं ताट पुढं येणं, ही सहल म्हणजे काय ते तिथं कळतं. आणि आपण दिलेले पैसे थेट त्या घरात जातात. घारापुरीतही पायऱ्यांवर कैऱ्या, पेरू विकणाऱ्या बाया बेटावरच्याच. त्या गावांत वीज आली ती थेट २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. त्यांच्याकडून घ्या, घासाघीस करू नका. पण तिथं बोलायला उसंत मिळत नाही. वेळासला रात्री ओटीवर बसून घरच्या बाईला विचारता येतं, पाहुण्यांचा हिशेब कसा ठेवता, पावसाळ्यात काय करता, पहिल्यांदा परकी माणसं घरात घेताना सासूबाई काय म्हणाल्या? आपल्या गटाला उद्या असं काही करायचं असेल, तर ही माहिती कामाची.

शांत गावाची किंमतही असते. एस.टी. मोजक्याच, म्हणून मंडणगडहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा आधीच विचारा. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, ते खर्चात धरा. रोख पैसे, रोजच्या गोळ्या जवळ ठेवा. अनोळखी समुद्रात गुडघ्यापुढं जाऊ नका. ओहोटीचं पाणी आत ओढतं आणि भिजलेलं लुगडं पायांत गुंतलं की उठता येत नाही. देवदर्शनाशिवाय सहल पूर्ण होत नाही म्हणणाऱ्या असतील, तर वेसवीहून फेरीबोटीनं सावित्रीची खाडी ओलांडा. पलीकडं बागमांडला, तिथून हरिहरेश्वर जवळच.

घर ठरवताना फोनवर लाज न बाळगता विचारा. संडास घरात की बाहेर, कमोड आहे का, एका खोलीत किती जणी, मासे मिळतील का (बऱ्याच घरांत शाकाहारीच जेवण असतं), पैसे माणशी की खोलीमागं. आणि हात वर करून मत घेण्याआधी गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, "मावशी, तुम्हाला पायऱ्या जमतील का?"