बाद गड्यास संजीवनी

फुटबॉलचा सराव म्हटला म्हणजे आपल्या बहुतेक शाळांच्या मैदानांवर एकच देखावा दृष्टीस पडतो: वीस मुले, एक चेंडू आणि त्यामागे धावणारा घोळका. त्यातील तीनचार चपळ मुलांचेच पाय काय ते चेंडूस लागतात. इतरांस व्यायाम घडतो, विद्या येत नाही. पायाशी चेंडू खेळवीत पुढे नेणे, ज्यास ड्रिबलिंग म्हणतात, ही विद्या ऐकून किंवा पाहून येत नाही. ती स्पर्शाने येते. म्हणून ज्यात प्रत्येकापाशी स्वतंत्र चेंडू असतो असा एक खेळ आम्ही येथे देत आहो. देशोदेशींच्या क्रीडाशिक्षकांस तो परिचित आहे.

मैदानावर फक्कीने चौकोन आखावा. बारा मुलांस प्रत्येक बाजू वीस पावलांची पुरे. शिट्टी होताच प्रत्येकाने आपला चेंडू राखावा आणि संधी साधून दुसऱ्याचा चेंडू रेषेबाहेर घालवावा. आपला चेंडू सोडून दुसऱ्यावर धावून जाण्यास मनाई; धक्का देणे व पाय अडकविणेही वर्ज्य. चेंडू सहाच असतील, तर सहा मुलांनी चेंडू राखावे, सहांनी चोर व्हावे, आणि दर दोन मिनिटांनी पाळी बदलावी.

ह्यात शिकण्याजोग्या गोष्टी तीन. चेंडू पावलाच्या आतल्या व बाहेरच्या कडेने हळूच सारावा. चवड्याने ठोकरल्यास तो हाताबाहेर जातो. प्रतिस्पर्धी डावीकडून आला, तर चेंडू उजव्या पायाशी घेऊन मध्ये आपले अंग घालावे. आणि दृष्टी वर असावी. त्यासाठी शिक्षकाने मधूनच बोटे उभारावी व मुलांनी खेळता खेळता ती मोजून सांगावी.

परंतु हा खेळ पुष्कळ ठिकाणी ज्या रीतीने खेळतात, तीत एक मोठा दोष आहे. ज्याचा चेंडू बाहेर गेला, तो बाद होऊन रेषेबाहेर बसतो. म्हणजे जो सर्वांत कच्चा, तो सर्वांत आधी बसणार; आणि ज्यास सरावाची गरज नाही, तो शेवटपर्यंत सराव करणार! गणितात चुकलेल्या मुलाची पाटी काढून घेण्यासारखेच हे झाले.

ह्यावरील तोड आपल्याच हुतूतूत आहे. त्याच्या गामिनी नामक प्रकारात बाद गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर राही. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला एक गडी पुन्हा जिवंत होई. आजच्या कबड्डीने संजीवनीच पत्करली आहे. फुटबॉलच्या ह्या खेळासही आम्ही तीच सुचवितो. बाद झालेल्या मुलाने चेंडू आणावा, रेषेबाहेर उभे राहून डाव्याउजव्या तळव्याने आळीपाळीने त्याच्या माथ्यास वीस स्पर्श करावे आणि पुन्हा चौकोनात शिरावे. शुक्राचार्यांनी कचास तीनदा उठविले. येथे तेवढीही मर्यादा नको.

कोणी म्हणेल, मग चुरस कशाची? आपला चेंडू किती वेळा गेला हे प्रत्येकाने मोजावे, आणि पुढील आठवड्यात तो आकडा उतरवावा. दुर्बळ मुलास ही स्पर्धा जिंकता येते, कारण ती त्याची स्वतःशी आहे. सबळ मुलासाठी चौकोन लहान करीत जावे. त्यासही घाम फुटेल. मैदानाच्या कडेस मात्र कोणीही बसलेले नसावे, हीच ह्या खेळाची खरी कसोटी होय.