पाणी नसलेल्या गावचा वल्हेकरी

मंडळी, नौकानयन म्हटलं की आपल्या बुलढाण्याच्या पोरांना वाटतं, हा कोकणातल्या नाहीतर केरळातल्या लोकांचा खेळ. आपल्याकडे लोणारचं सरोवर आहे, ते खारं. पैनगंगा इथंच उगम पावते, पण उन्हाळ्यात तिचं पात्र पायी ओलांडता येतं. मग आपला आणि या खेळाचा संबंध काय?

म्हणूनच आज दत्तू भोकनळबद्दल बोलायचं. त्याचं गाव तळेगाव रोही, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात, पाणीटंचाईच्या पट्ट्यात. वडील विहिरी खोदायचे. २०११ साली ते गेले. दत्तूने पेट्रोल पंपावर काम केलं आणि २०१२ मध्ये तो लष्करात भरती झाला. तोवर त्याने शर्यतीची बोट चालवलेली नव्हती. पाण्याची भीती वाटायची, हे त्यानेच सांगितलेलं आहे. पुण्यात लष्कराच्या प्रशिक्षकांचं लक्ष गेलं ते त्याच्या उंचीकडे.

आता उंचीकडेच का, ते बघा. शर्यतीच्या बोटीत बसायची जागा रुळांवर पुढे-मागे सरकते आणि पाय समोरच्या फळीला बांधलेले असतात. वल्हं पाण्यात रोवायचं आणि पायांनी फळीला रेटा द्यायचा. आधी पाय, मग पाठ, हात सगळ्यात शेवटी. आपण समजतो दंडाचा खेळ, पण मुख्य काम मांड्यांचं! हातपाय लांब असले की प्रत्येक वल्ह्याचा पल्लाही लांब पडतो. बोट इतकी अरुंद की जरा तोल गेला की माणूस पाण्यात. आणि खेळाडूची पाठ असते शेवटच्या रेषेकडे. पुढे किती अंतर उरलंय ते मान वळवल्याशिवाय दिसत नाही. अंतर २,००० मीटर.

रिओ ऑलिंपिकला, म्हणजे २०१६ मध्ये, भारताचा हा एकटाच नौकानयनपटू होता. घरी आई अपघातानंतर गंभीर आजारी. एकेरी स्कल्समध्ये तो तेरावा आला, शेवटच्या शर्यतीत वेळ ६ मिनिटं ५४.९६ सेकंद. वल्हं हाती धरून चार वर्षं झाली होती फक्त! माझ्या मते हा तेरावा क्रमांक पुष्कळ पदकांपेक्षा मोठा.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला आजारी असताना तो एकेरीच्या अंतिम शर्यतीत सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्ण. पण त्याच एकेरी शर्यतीवरून महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. मुदतीआधीच, २०२० मध्ये ती उठली, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण ऑलिंपिकच्या तयारीत गेलेले महिने कोण परत देणार? टोकियोला तो नव्हता.

आपल्या जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी कितीतरी उंच पोरं दिसतात. त्यांच्यातलं कोण या खेळाला लायक आहे, हे बघायला तलाव लागत नाही. वल्हवण्याचं यंत्र असतं, इर्गोमीटर म्हणतात त्याला. ते खोलीत जमिनीवर मावतं आणि २,००० मीटरला किती वेळ लागला ते सांगतं. बोटीतला तोल नंतर शिकवता येतो, दत्तूला विशी उलटल्यावरच शिकवला. तालुक्याच्या क्रीडा संकुलात असं एक यंत्र मागायला काय हरकत आहे?