सोळा नंबरची नळी

पहाटे साडेपाच

चहाआधी लघवीची पिशवी बघायची. रात्रीची दोन लिटरची युरोबॅग खाटेच्या लोखंडी पट्टीला हुकाने अडकवलेली असते. ती फरशीला टेकली नाही ना, किती आकड्यापर्यंत भरली, रंग कसा आहे, हे चष्मा लावून पाहतो. फिकट पिवळा रंग असला की दिवस बरा. गढूळ असली तरी आता घाबरत नाही. महिनाभर नळी आत राहिली की मूत्राशयात जंतू वस्तीला येतातच. ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात दुखणं यातलं काही नसेल तर नुसत्या गढूळपणासाठी अँटिबायोटिक घ्यायचं नाही, असं युरॉलॉजिस्टनी बजावून ठेवलंय. शेजारीपाजारी मात्र रंग ऐकूनच गोळ्यांची नावं सांगायला लागतात.

मणक्याच्या आजारात कमरेखालच्या नसा दाबल्या गेल्या. ऑपरेशनने पाय परत मिळाले, काठी घेऊन का होईना चालतो. लघवीची जाणीव मात्र गेली ती गेलीच. डॉक्टरांनी आधी सुचवली होती ती पद्धत वेगळी: दर चार-पाच तासांनी आपल्याच हाताने बारीक नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. लॅपिडिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ साली ती मांडली. संसर्ग कमी आणि अंगाला दिवसभर काही लोंबकळत नाही. घरी मला ती छान जमली.

पण मी अर्जनवीस. तालुक्याच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून बसतो. तिथे भरदुपारी हात धुवायला साबण, पुरेसा उजेड आणि कडी लागणारं दार या तीन गोष्टी एका जागी मिळत नाहीत. म्हणून कायमची नळी आली. आजार मणक्याचा, पण ही नळी मला संडासाने लावली असं मी म्हणतो. लोक हसतात. मी विनोद केलेला नसतो.

सात

अंघोळ. माझी नळी ओटीपोटाला छोटं भोक पाडून घातलेली आहे. आधी काही महिने नेहमीच्या वाटेने होती. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला ती काचते. भोकाभोवती साधा साबण आणि पाणी, बस. डेटॉल वगैरे नको. नळी सोळा नंबरची, म्हणजे जाडीला सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. एक नंबर म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. आत तिच्या टोकाशी दहा मिली पाण्याने फुगवलेला फुगा असतो, त्याच्या आधारावर ती टिकते. ही युक्ती अमेरिकेतल्या फोली नावाच्या सर्जनची, १९३० च्या दशकातली. त्यांचं नाव रोज दवाखान्या-दवाखान्यांत घेतलं जातं, आणि घेणाऱ्याला वाटतं ते कंपनीचं नाव आहे.

दिवसा पोटरीला पट्ट्यांनी बांधायची छोटी लेग बॅग असते. रात्रीची मोठी पिशवी तिच्याच खालच्या तोटीला जोडलेली असते, त्यामुळे सकाळी फक्त तोटी बंद करून मोठी सोडवायची. नळी आणि लेग बॅग यांचा सांधा आठवड्यातून एकदा, पिशवी बदलतानाच उघडायचा. जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना दार. लेग बॅग आमच्या तालुक्यात कुठल्याच मेडिकलला मिळत नाही. पुण्याहून पाच-सहा एकदम मागवतो.

पँट दोन मापं ढगळ, कमरेला नाडी. बेल्ट बंद झाला. नळीला मांडीवर चिकटपट्टीने धरून ठेवायचं, पण थोडी ढील ठेवून, नाहीतर बसता-उठता भोकाशी ओढ बसते.

साडेनऊ

वडाप. पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी चौथा माणूस कोंबतात, तिथे मी बसत नाही. पाय मुडपला की नळी मुडपते. मागच्या सीटची कड मागतो. ड्रायव्हर पोरगा ओळखीचा आहे, कारण विचारत नाही.

साडेदहा ते एक

जून महिना, शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची झुंबड. उत्पन्न, जात, नॉन क्रिमीलेयर. मान वर करायला फुरसत नसते, आणि इथेच पाणी प्यायचं राहतं. दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी मला सांगितलंय. तांब्या टेबलावर, डाव्या हाताला. खोटं कशाला बोलू, पाणी कमी प्यायलं तर पिशवी कमी भरेल आणि ते संडासाचं प्रकरण टळेल, हा मोह रोज होतो. पण लघवी घट्ट झाली की नळी लवकर तुंबते. प्रोटियस जातीचे जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, मग क्षार सुटून नळीच्या आत साचतात, बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पुटं धरतात तसे. सिलिकॉनची नळी बारा आठवड्यांपर्यंत चालते म्हणतात. माझी त्याच्या निम्म्यातच बदलावी लागते.

एक

पिशवी दोन तृतीयांश भरली. अर्धा किलो वजन पोटरीला लटकलेलं, चाल बदलते.

मुतारीत अर्ध्या उंचीची भिंत, दार नाही. उभ्या माणसांच्या रांगेत मी खाली वाकून पँटचा पाय वर गुंडाळायला लागलो की सगळ्यांचे डोळे तिकडे. एकदा एकाने खरंच विचारलं, "काका, दारूची पिशवी का?" तेव्हापासून मागच्या संडासात जातो. त्याला कडी नाही, काठी आडवी लावतो. एक सांगतो, या कामाला देशी संडासच चांगला. पाय पायरीवर, तोटी खाली, थेंब बाहेर नाही. कमोडवर पाय उचलून धरावा लागतो, माझ्यासारख्या काठीवाल्याचा तोल जातो. झालं की तोटी कोरड्या कागदाने पुसायची, हात आधी धुवायचे आणि नंतरही. साबणाची वडी माझी मी डबीत नेतो.

दोन

डबा. भाकरी, पालेभाजी, ताक. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, आतडं भरलं की मूत्राशयावर आणि नळीवर दाब येतो. त्यावरून आठवलं. मागच्या वर्षी उन्हाळ्यात पोट साफ होत नव्हतं आणि एका सकाळी पिशवी जांभळी झाली. जांभळी म्हणजे शाईसारखी. बायको देवासमोर दिवा लावून आली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून आतड्यातले जंतू इंडोल करतात, ते यकृतात बदलून लघवीत उतरतं, आणि पिशवीतले जंतू त्याचे निळा नि तांबडा असे दोन रंग करतात. निळा तर तोच, नीळ. पिशवी बदलली, पोट साफ केलं, रंग गेला.

साडेतीन

वारस नोंदीचा अर्ज लिहीत होतो. समोर सत्तरीची बाई, नवरा वारलेला, तीन मुलांची नावं एकेक करून सांगत होती. दुसऱ्या नावाला ओटीपोटात कळ आली आणि चड्डी ओली झाल्याचं जाणवलं. मूत्राशय आकसलं की लघवी नळी सोडून जुन्या वाटेने बाहेर पडते. पेन खाली ठेवलं.

"काय झालं रं बाळा?"

"काही नाही मावशी, जरा थांबा."

टेबलाखाली हात घालून नळी चाचपली. नाडीखाली दुमडली होती. नाडी सैल केली, नळी सरळ केली, पोटरीला पिशवीत ऊब उतरताना कळली. उतार मिळाला की वाहतं, एवढं सोपं असतं बऱ्याचदा. नळी सरळ असून वाहिलं नसतं तर टेबल आवरून दवाखाना. त्यात दुसरा विचार करायचा नाही. खांद्याच्या झोळीत एक बंद पाकिटातली जादा नळीही असते. ती माझ्यासाठी नाही, सिस्टरसाठी. नळी निसटली तर हे भोक काही तासांत आवळून येतं आणि तालुक्याच्या दवाखान्यात सोळा नंबर असेलच असं नाही.

तिसऱ्या मुलाचं नाव लिहिलं. काळी पँट यासाठीच घालतो.

सहा

वापरलेली पिशवी टाकायची कुठे, हा न सुटलेला प्रश्न. दवाखान्यात नळ्या आणि लघवीच्या पिशव्या लाल डब्यात जातात, २०१६ च्या नियमांप्रमाणे. घरच्यासाठी घंटागाडीत लाल डबा नाही. रिकामी करून, धुऊन, कागदात गुंडाळून गाडीवरच्या बाईंच्या हातात वेगळी देतो आणि काय आहे ते सांगतो. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती. त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत, लोक डायपरबी उघडे टाकतात."

रात्री दहा

लेग बॅगच्या तोटीला मोठी पिशवी जोडायची, तोटी उघडायची, हूक अडकवायचा. हे बायकोने करू नये असा माझा हट्ट आहे. ती उजेड धरते.

"कोल्हापूरच्या साखरपुड्याचं काय ठरवलंत? वन्सं विचारत होत्या."

"एसटीचे तीन तास. कऱ्हाडला गाडी किती थांबते?"

"पंधरा मिनिटं."

"मग जमतं. निघताना रिकामी करायची, कऱ्हाडला एकदा. फक्त तिला सांग, जेवायला भारतीय बैठक असेल तर मला खुर्ची लागेल. आणि पूजेला बसवू नका, मांडी घातली की नळी दुमडते."

"पूजेचं त्या दुसऱ्याच कारणाने म्हणत होत्या."

"काय म्हणाली?"

"पिशवी घेऊन कसं बसवायचं म्हणून."

"मग तिला सांग, मी खुर्चीवर पहिल्या रांगेत बसणार आहे."