एक्स्प्लेनर : खाली पब, शेजारी टॉवर! गिरणगावात रात्र कोणाची आणि झोप कोणाची?

डिजिटल डेस्क, नंदुरबार

मुंबईतील लोअर परळ, वरळी, लालबाग हा पट्टा एकेकाळी गिरणगाव म्हणून ओळखला जायचा. आज गिरण्यांच्या जुन्या आवारांत पब, रेस्टॉरंट आणि मॉल आहेत, तर त्यांना लागून आलिशान निवासी टॉवर उभे राहिले आहेत. रात्री गर्दी खेचणाऱ्या या भागात आणखी घरे बांधावीत का? बांधली तर तिथली रात्र टिकेल का? हा वाद वरवर आवाजाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी जमीन, कायदा आणि परवानगीचा क्रम आहे. आणि तो फक्त मुंबईपुरता नाही. सोप्या शब्दांत समजून घेऊया.

गिरणगावाची रात्र नवी आहे का?

अजिबात नाही. मुंबईत एकेकाळी ५८ कापड गिरण्या होत्या. त्या पाळ्यांमध्ये चालायच्या. रातपाळीमुळे इथले रस्ते, खानावळी आणि चहाची दुकाने उशिरापर्यंत जागी असायची. एकाच खोलीत राहणारे कामगार पाळीनुसार आलटून पालटून झोपायचे. लालबागच्या हनुमान थिएटरमध्ये तमाशाचे फड लागायचे. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगारांच्या नाटकांचे हक्काचे ठिकाण होते.

पण तेव्हाची एक गोष्ट महत्त्वाची आहे. तमाशाला जाणारा आणि शेजारच्या चाळीत झोपणारा माणूस एकच होता. आवाज त्याचाच होता, म्हणून तक्रारही फारशी नव्हती. आज पबमध्ये येणारा शहराच्या दुसऱ्या टोकाहून येतो आणि टॉवरमध्ये राहणाऱ्याचा त्या पबशी काहीच संबंध नसतो.

मग पब आणि टॉवर शेजारी आले कसे?

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली.

१९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. त्याचे सूत्र ढोबळमानाने असे होते : एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली गिरणीमालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरण्यांच्या जमिनींचा सुटा सुटा नव्हे, तर एकत्रित विचार करावा, असा आराखडा मांडला. तो प्रत्यक्षात आला नाही.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेची होऊ लागली. उदाहरणार्थ, ३० एकरच्या गिरणीत २४ एकरांवर शेड असतील, तर जुन्या नियमाने महापालिका आणि म्हाडाला प्रत्येकी साधारण १० एकर मिळाले असते. नव्या नियमाने वाटणीला उरतात फक्त ६ एकर, म्हणजे प्रत्येकी साधारण २ एकर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ मार्च २००६ रोजी हा बदल कायम राहिला.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. एका गिरणीत मॉल, दुसरीत कार्यालये, तिसरीत टॉवर आणि जुन्या शेडमध्ये रेस्टॉरंट. प्रत्येक भूखंडाचा निर्णय वेगळा झाला. शेजारी काय येणार, हा प्रश्न कोणत्याच फाइलमध्ये नव्हता.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० नुसार परिसराचे चार प्रकार आहेत. रात्री म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादा अशा :

• औद्योगिक : दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल
• व्यावसायिक : दिवसा ६५, रात्री ५५ डेसिबल
• निवासी : दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल
• शांतता क्षेत्र : दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल

व्यावसायिक आणि निवासी यांत रात्रीचा फरक १० डेसिबलचा. आकडा लहान दिसतो, पण डेसिबलची पट्टी फूटपट्टीसारखी सरळ नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा १० पट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

खरी मेख पुढे आहे. ज्या भागात दुकाने, पब आणि घरे एकत्र आहेत, त्या मिश्र भागासाठी या नियमांत वेगळी मर्यादाच नाही. सक्षम प्राधिकरणाने अशा भागाला चारपैकी एका प्रकारात बसवायचे, एवढेच नियम सांगतो. म्हणजे टॉवर वाढत गेले आणि परिसर निवासी ठरला, तर कालपर्यंत मर्यादेत असलेला व्यवसाय आवाज एक कणही न वाढवता नियमभंग करणारा ठरू शकतो. उलट परिसर व्यावसायिकच राहिला, तर तिथे घर घेतलेल्या कुटुंबाला निवासी भागातली शांतता कायद्याने मागता येत नाही.

आधी कोण आले, हा प्रश्न हे नियम विचारतच नाहीत.

बंद पब आणि रूफटॉप यांत फरक का?

रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. मात्र सभागृह, बँक्वेट हॉल यांसारख्या बंदिस्त जागांमध्ये आतल्या आत वापराला सूट आहे. गच्चीवर किंवा मोकळ्या आवारात ही सूट मिळत नाही. म्हणून वाद सर्वाधिक रंगतो तो रूफटॉपवर.

बंदिस्त जागेचाही एक तांत्रिक प्रश्न आहे. ड्रम आणि बासचा खालच्या पट्टीतला आवाज भिंती, खांब आणि काचांमधून सहज पलीकडे जातो. नियमातील मोजमाप ज्या 'डीबी-ए' पद्धतीने होते, ती माणसाच्या कानानुसार खालच्या पट्टीचे वजन कमी धरते. त्यामुळे मीटरवर आकडा मर्यादेत दिसतो आणि रहिवासी सांगतो की पलंग थरथरतो. दोघेही खरे बोलत असू शकतात.

घरे नकोत म्हणणाऱ्यांचे म्हणणे काय?

रात्रीच्या व्यवसायावर स्वयंपाकी, वेटर, सुरक्षारक्षक, टॅक्सीचालक, वादक अशा अनेकांची चूल पेटते. यातले बहुतेक जण लोअर परळमध्ये घर घेऊ शकत नाहीत, पण कमाई तिथेच करतात. रस्त्यावर माणसे असतात, दुकाने उघडी असतात, म्हणून रात्री घरी परतणाऱ्या महिलांनाही सुरक्षित वाटते, असाही मुद्दा मांडला जातो.

सरकारी धोरणानेही हा तणाव ओळखला होता. २२ जानेवारी २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने 'मुंबई २४ तास'ला मंजुरी दिली आणि २७ जानेवारीपासून अंमलबजावणी सुरू झाली. त्यात मॉल आणि गिरण्यांच्या आवारांना मुभा होती, पण अट होती ती परिसर अनिवासी असण्याची. मद्यासाठीची दीडची वेळ तशीच राहिली. काही आठवड्यांत करोनाची टाळेबंदी आली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने मद्यविक्री करणाऱ्या आस्थापना वगळून इतर दुकाने व हॉटेले २४ तास सुरू ठेवता येतील, हे स्पष्ट केले. म्हणजे जागी राहणारी ठिकाणे वाढणार आणि घरेही वाढणार.

घरे हवीत म्हणणाऱ्यांची बाजू?

मुंबईत घरांची टंचाई आहे आणि ही जमीन स्टेशनांच्या, कार्यालयांच्या जवळ आहे. इथे घरे बांधली नाहीत तर लोक आणखी दूर फेकले जातात. शिवाय रात्रीच्या व्यवसायाने 'आम्ही आधीचे' म्हणत सगळे खपवून घ्यावे, हेही रहिवाशांना मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले आहे.

सुरक्षेचा प्रश्न तर आवाजापेक्षा गंभीर आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल परिसरातील रूफटॉप ठिकाणी आग लागली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. दाटीवाटीचे आवार, ज्वलनशील आच्छादन, बाहेर पडण्याच्या वाटा आणि परवानग्या या सगळ्यांवर तेव्हा प्रश्न उभे राहिले. ज्या गल्लीतून अग्निशमन दलाची गाडी जायची, तिथेच रात्री गाड्या उभ्या राहत असतील, तर धोका ग्राहक आणि रहिवासी दोघांनाही आहे.

या वादात तिसरा पक्ष कोणता?

गिरणी कामगार. पब की टॉवर या भांडणात ज्यांचे हे गाव होते ते मागे पडतात. म्हाडाकडे घरांसाठी दीड लाखाहून अधिक कामगार आणि वारसांचे अर्ज आले आहेत. घरे मिळालेले त्यातले थोडेच. उरलेल्यांसाठी शेलू, वांगणी येथील घरांचा पर्याय पुढे आला, तेव्हा 'आम्हाला मुंबईतच घर द्या' अशी मागणी करत कामगार जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर उतरले.

त्यांची नाटके जिथे व्हायची, त्या दामोदर नाट्यगृहाचेही असेच झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले आणि नाट्यकर्मींना विरोधासाठी पुढे यावे लागले. त्यामुळे 'घरे हवीत' म्हणताना कोणाची घरे, आणि 'रात्र वाचवा' म्हणताना कोणाची रात्र, हे विचारावे लागते.

जगात यावर तोडगा काय काढला?

काही ठिकाणी 'जो बदल आणेल, त्याने भार उचलावा' हे तत्त्व स्वीकारले आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये ते नियोजनाच्या नियमांत आणले. जुन्या संगीतस्थळाजवळ नवी इमारत बांधायची असेल, तर जाड काचा, दुहेरी भिंती असा आवाज रोखण्याचा खर्च बिल्डरचा. नवे संगीतस्थळ घरांजवळ येणार असेल, तर तोच खर्च त्या स्थळाचा. इंग्लंडने २०१८ मध्ये राष्ट्रीय नियोजन धोरणात हा मुद्दा घेतला. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये आणखी एक अट घातली : जवळ रात्रीचे मनोरंजन स्थळ असेल, तर घर घेणाऱ्याला आणि भाडेकरूला ते आधी सांगायचे.

हे तत्त्व जसेच्या तसे उचलून चालणार नाही. आपल्याकडे अनेकदा परवानगी एका गोष्टीची आणि वापर दुसऱ्याच गोष्टीचा असतो. बेकायदा शेडला 'आम्ही आधीचे' म्हणण्याचा हक्क देता येणार नाही. पण कायदेशीर व्यवसायाशेजारी टॉवरला मंजुरी देताना काच किती जाड असावी, शयनगृहे कोणत्या बाजूला असावीत आणि ग्राहकाला काय सांगावे, हे मंजुरीच्या अटींतच लिहिता येते. इमारत उभी राहिल्यावर हाच खर्च कैक पटींनी वाढतो आणि तो कोणी करायचा यावर भांडण सुरू होते.

नंदुरबारकरांनी हे का वाचावे?

इथे पब नाहीत, पण लॉन आणि मंगल कार्यालये आहेत. कोणत्याही वाढत्या शहरात हा क्रम ओळखीचा आहे. गावाबाहेर मोकळ्या जागेत लॉन उभे राहते. काही वर्षांत भोवती एनए प्लॉट पडतात, रो-हाऊस होतात, मग अपार्टमेंट येतात. लग्नसराईत डीजे वाजतो आणि तक्रारी सुरू होतात. लॉनवाला म्हणतो, मी आधीचा. रहिवासी म्हणतो, मी घराचे हप्ते भरतो.

२०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत, जी मुंबई वगळता राज्यातील बहुतांश शहरांना लागू आहे, रस्त्याच्या रुंदीनुसार निवासी भागातही व्यवसायांना वाव आहे. आवाजाचे नियम तर तेच आहेत, जे लोअर परळला आहेत. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ पर्यंत सवलत देता येते आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. दादा आणि बाबा या मानाच्या गणपतींच्या मिरवणुकीला जुने शहर आनंदाने जागते, कारण मिरवणूक आणि घरे दोन्ही त्याच लोकांची. लॉन आणि नव्या कॉलनीचे नाते तसे नसते.

घर घेताना काय तपासाल?

• जागा फक्त दुपारी पाहू नका. लग्नतिथीच्या दिवशी किंवा शनिवारी रात्री ११ नंतर एक फेरी मारा.
• विकास आराखड्यात भूखंड आणि शेजारचे भूखंड कोणत्या वापरासाठी आहेत, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारा.
• खिडक्यांची काच एकेरी की दुहेरी, शयनगृह कोणत्या दिशेला, हे करारापूर्वी विचारा.
• शेजारच्या लॉन किंवा हॉलला परवानगी आहे का, ती कशाची आहे, याची माहिती घ्या.
• रात्री त्रास झाल्यास ११२ वर तक्रार नोंदवा. वेळ लिहून ठेवा. वारंवार त्रास असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

गिरणगावात हे प्रश्न टॉवर उभे राहिल्यावर विचारले गेले. नंदुरबार, शहादा, नवापूरसारख्या शहरांभोवतीचे बरेच प्लॉट अजून मोकळे आहेत. तिथे लेआउट मंजूर करतानाच हे प्रश्न विचारायला अजून वेळ आहे.