गाडी लावणं वेगळं, तळ ठोकणं वेगळं

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की कोल्हापूर जिल्ह्यातून सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेला एसटी गाड्या, टेम्पो आणि ट्रॅव्हलर रांगेनं निघतात. डोंगरावर पोचलं की आधी जागा धरायची, मग गाडीच्या आडोशाला ताडपत्री बांधायची, चूल मांडायची, नैवेद्य करायचा. गाडीला चार दिवसांचं घर करायची ही रीत कुणी परदेशातून आणलेली नाही. बैलगाड्यांच्या काळापासून तिचे शब्दही मराठीत ठरलेले आहेत. गाडी ‘लावतात’ आणि तळ ‘ठोकतात’. दोन्ही क्रियापदं वेगळी आहेत, कारण गोष्टीही वेगळ्या आहेत.

बिछाना, ओटा आणि संडास पोटात घेऊन फिरणारी मोटारहोम आता पन्हाळ्याच्या आणि गोव्याच्या वाटेवर दिसू लागली आहे. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांसाठी पाणी, वीज आणि स्वच्छतेची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क उभे राहावेत, हा त्यातला महत्त्वाचा भाग. तेव्हापासून मुक्कामाबद्दल दोन मतं ऐकू येतात. रस्त्याकडेला गाडी लावून आत कुणी झोपलं तर बिघडलं कुठं, असं एक मत. मुक्काम करायचा तर ठरवून दिलेल्या जागीच करावा, हे दुसरं. दोन्हीकडची माणसं ऐकीव गोष्टी कायदा म्हणून सांगतात, त्यामुळे आधी त्या तपासून घेतलेल्या बऱ्या.

गाडीत झोपणं हाच गुन्हा, असं अनेकांना वाटतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये उभ्या गाडीत झोपायला मनाई करणारं कलम नाही. कायदा पाहतो ते गाडी कुठे आणि कशी उभी आहे. इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवू नये, असं कलम १२२ सांगतं. २०१७ च्या वाहनचालन नियमावलीत पदपथ, वळण, पूल अशा जागा वर्ज्य केल्या आहेत. रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांचे चालक वाहनतळावर सीट मागे टाकून रात्र काढतात, त्यात बेकायदा काहीच नाही. तीच गाडी महाद्वार रोडवर आडवी लावली, तर आतला माणूस जागा असो वा झोपलेला, कारवाई होणारच.

‘दहा तास कुणी हात लावू शकत नाही’ हे वाक्यही असंच फिरत असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये दहा तासांचा उल्लेख आहे खरा, पण तो बेवारस किंवा चालकाविना सोडून दिलेल्या गाडीबद्दल. तितका वेळ झाला की पोलीस ती उचलून नेऊ शकतात किंवा चाकाला जॅमर लावू शकतात. जिथे गाडी लावायलाच बंदी आहे तिथे दहा मिनिटंही थांबावं लागत नाही. म्हणजे तो आकडा गाडीवाल्याला दिलेली सवलत नाही.

मग गाडी लावणं संपतं कुठे आणि तळ सुरू होतो कुठे? याचं सर्वांत नेमकं उत्तर इटलीच्या कायद्यात सापडतं. तिथल्या १९९२ च्या वाहतूक संहितेतलं कलम १८५ म्हणतं की मोटारहोम फक्त स्वतःच्या चाकांवर उभी असेल, इंजिनाच्या धुराखेरीज तिच्यातून काही बाहेर पडत नसेल आणि स्वतःच्या आकाराबाहेरची जागा तिनं व्यापली नसेल, तर ती लावलेली गाडी समजावी, तळ समजू नये. आत माणूस झोपला आहे का, हा प्रश्नच तिथे येत नाही. खुर्ची, छत किंवा सांडपाण्याचा पाइप बाहेर आला की हिशेब बदलतो. आपल्याकडे इतकं स्पष्ट कलम नाही. ते असायला हवं.

कारण आपल्याकडचा खरा तंटा झोपेवरून होतच नाही, चुलीवरून होतो. कोल्हापूरकराला रस्सामंडळ नवीन नाही. चार मित्र, एक पातेलं, विहिरीकाठचं शेत आणि तांबडा-पांढरा रस्सा. मात्र ते शेत कुणाच्या तरी ओळखीचं असतं, मालकाची परवानगी असते आणि राख, पत्रावळी आवरूनच माणसं उठतात. हाच शिरस्ता ट्रॅव्हलरमध्ये घालून गोव्याला नेला की समुद्राकाठी सिलिंडर, शेगडी आणि खरकटं मांडलं जातं, आणि तिथे मालकही नसतो, आवरणारंही कुणी नसतं. त्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की गोवा सरकारनं २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा दुरुस्त केला. उघड्यावर स्वयंपाक केला किंवा दारू प्याली तर एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंड ठरला. २०२२ मधल्या आदेशानं ही रक्कम पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत नेली. ‘बाहेरच्या गाड्यांवर गोव्याचा राग आहे’ असं सीमेअलीकडे म्हटलं जातं, पण दंडाचं कारण नंबरप्लेट नाही. भाताचं पाणी वाळूत ओतणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे, गोव्यातल्या माणसालाही.

‘माळ मोकळाच आहे, कुणाचं काय जातं?’ हा समज जास्त नुकसान करतो. मोकळी दिसणारी जागा गायरान असते, खाजगी असते, देवराई असते किंवा वनखात्याची असते. बिनमालकी जवळजवळ कधीच नसते. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार घ्या. पावसाळ्याअखेरीस तिथे फुलं येतात, आणि जांभ्यावरच्या मातीचा थर इतका पातळ असतो की जड गाडी एकदा फिरली तरी चाकोरी राहते. गेल्या काही वर्षांत ते पठार संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं आहे. राधानगरी अभयारण्य तर राज्यातलं पहिलं, १९५८ चं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही आणि आग पेटवता येत नाही. तिथल्या दाजीपूरच्या गव्यांच्या वाटेवर गाडी लावून रात्र काढायची कल्पना कितीही सुंदर वाटली तरी ती कायद्यात बसत नाही. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. गडावर वस्ती आहे, हॉटेलं आहेत, मुक्कामाला अडचण नाही; मात्र संरक्षित वास्तूंच्या आवारात स्वयंपाक मांडता येत नाही.

आता एक जिवावरचा गैरसमज. दारं-खिडक्या लावून आत झोपलं की आपण सुरक्षित, असं वाटतं. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता, असं तपासात निघालं. या वायूला वास नाही, रंग नाही; झोपलेल्याला जागही येत नाही. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईच्या रेल्वे यार्डात थांबलेल्या यात्रेकरूंच्या खाजगी डब्यात लपवून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. तो रेल्वेचा डबा होता, मोटारहोम नव्हे. पण बंद जागा, बरीच माणसं आणि पहाटेचा चहा ही मांडणी तीच. अधिकृत जागेवर विजेचा प्लग मिळतो, जनरेटर लावावाच लागत नाही. तिथल्या भाड्याचा हा एक हिशेब सहसा कुणी धरत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुशल कारागीर आहेत, तेव्हा जुन्या ट्रॅव्हलरचं मोटारहोम आठवड्यात करून घेता येईल, असंही मानलं जातं. कारागिरीबद्दल शंका नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या गाडीत मनाजोगा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. सुतारकाम सुरू करण्याआधी आरटीओची पायरी चढावी लागते.

ठरलेल्या जागीच राहा म्हणणाऱ्यांचाही एक समज दुरुस्त व्हायला हवा. रस्त्याकडेला थांबणारा प्रत्येक जण पैसे वाचवणारा फुकट्या नसतो. पुण्याहून बंगळूरला निघालेला चालक रात्री दोनला डोळे मिटू लागल्यावर थांबला नाही, तर पुढच्या ट्रकवर जाऊन आदळेल. न्यूझीलंडच्या २०११ च्या फ्रीडम कॅम्पिंग कायद्यानं ही बाब ओळखून थकवा घालवण्यापुरत्या रस्त्याकडेच्या झोपेला कॅम्पिंगच्या व्याख्येतून वगळलं आहे. मात्र थांबायचं ते महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर नव्हे. अंधारात उभ्या वाहनावर मागून आदळण्याचे अपघात तिथेच होतात. मालकाला विचारून ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी घेणं, जेवण तिथेच घेणं आणि उजाडताच निघणं, हा ट्रकवाल्यांचा जुना शिरस्ता मोटारहोमवाल्यांनीही उचलण्याजोगा आहे.

राहतो सांडपाण्याचा प्रश्न, आणि अधिकृत जागेची गरज सर्वांत जास्त तिथेच पडते. न्यूझीलंडमध्ये ‘स्वयंपूर्ण’ गाडीची अट अशी की तीन दिवस बाहेरून पाणी न घेता आणि काहीही बाहेर न टाकता तिच्यात राहता यावं. २०२३ च्या कायद्यानं तर संडास गाडीत कायमचा बसवलेला असणंही सक्तीचं केलं. पण चौथ्या दिवशी टाकी रिकामी करायला जागा लागतेच. कृषी पर्यटन चालवणाऱ्या एखाद्या करवीर किंवा भुदरगडच्या शेतकऱ्यानं अशी जागा करायची म्हटली, तर वेगळा नळ, पक्का प्लग, भांडी-अंघोळीच्या पाण्याला शोषखड्डा आणि संडासाच्या टाकीसाठी सेप्टिक टँकचं तोंड, एवढ्यापासून सुरुवात होते. पाहुण्यानं मात्र टाकी ओतण्याआधी विचारावं. फिरत्या संडासात टाकायची काही रसायनं सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतात, आणि मग ती टाकी तुंबली की निस्तरायला तो शेतकरी एकटाच उरतो.